छोट्या कॅम्परमधली लिथियम बॅटरी हिवाळाभर कशी ठेवायची? (गाडी उघड्यावर उभी राहणार आहे)

रानवाटा
नमस्कार मंडळी. आमची छोटी कॅम्पर आता थंडी संपेपर्यंत उघड्यावरच उभी राहणार, वर शेड वगैरे काही नाही. आत १०० एएच (अँपिअर-तास) ची लिथियम आहे, एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, बीएमएस (सेल सांभाळणारं, गरज पडली की बॅटरी तोडणारं सर्किट) आतच, ब्लूटूथवाली. टपावर सोलर, त्याचा एमपीपीटी (सोलरचा चार्ज कंट्रोलर), शिवाय इंजिन चालू असताना चार्ज करणारा एक डीसी-डीसी चार्जर आणि छोटा इन्व्हर्टर. आधी एजीएम (लेड-अ‍ॅसिडचाच एक प्रकार) होती तेव्हा सोपं होतं, चार्जर लावायचा आणि विसरून जायचं. आता जो भेटतो तो वेगळंच सांगतो, एक म्हणतो फुल ठेव, दुसरा म्हणतो अर्धी ठेव, तिसरा म्हणतो काढून घरात आण नाहीतर गेलीच म्हणून समज. रात्री पारा उणे १० पर्यंत उतरतो. बॅटरी उचलायला जड नाही पण सीटखाली अशी अडकवलीय की काढायची म्हणजे अर्धी गाडी उकलायची. काढायलाच हवी का?

नट_बोल्ट
नाही. सोलर तोडा, मेन स्विच बंद करा, ५०-६० टक्क्यांवर ठेवा आणि झोपा खुशाल.

जुना_ड्रायव्हर
मला हे अर्धी ठेवण्याचं प्रकरण काही पटत नाही बुवा. बॅटरी उतरलेली ठेवली की मेली, हे आम्ही गाडी शिकलो तेव्हापासून ऐकतोय. मी ट्रिकल चार्जर (थोडा थोडा करंट कायम देत राहणारा) लावूनच ठेवतो, इंजिन सुरू करणारी स्टार्टरची असो नाहीतर आतली.

मिलिअँप
जुना_ड्रायव्हर, तुम्ही म्हणताय ते लेड-अ‍ॅसिडसाठी शंभर टक्के बरोबर आहे. ती उतरलेली ठेवली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि घट्ट होतं, शिवाय उतरलेल्या बॅटरीतलं अ‍ॅसिड पाण्यासारखं पातळ झालेलं असतं त्यामुळे शून्याच्या थोडं खाली गेलं तरी गोठून डबा फुटू शकतो. पूर्ण चार्ज असेल तर उणे ५० च्या थंडीतही ती गोठत नाही. म्हणून तिला फुल ठेवायचं.

एलएफपीत सल्फेट नाही की पाणी नाही. उणे १० ला ती गोठत नाही, नुसती पडून राहिली तर तिला थंडी बाधतच नाही, उलट थंडीत ती कमी म्हातारी होते. तिला म्हातारी करतात दोन गोष्टी, उष्णता आणि जास्त दिवस काठोकाठ भरलेली राहणं. म्हणून घरात आणून हीटरशेजारी फुल चार्ज करून ठेवण्यापेक्षा गाडीत अर्धी भरून ठेवलेली केव्हाही बरी. घरात आणणाऱ्यांना हे सांगून बघा, कोणाला पटत नाही.

आणि तुमचा ट्रिकल चार्जर जुना असेल तर त्यात डिसल्फेशन नाहीतर इक्वलाइझ असला काही मोड असतो, तो १५ व्होल्टच्या वर जातो. एलएफपीला १४.४ ते १४.६ ही वरची मर्यादा. बीएमएस मध्ये पडून वाचवेल कदाचित, पण बीएमएस हा शेवटचा पहारेकरी आहे, त्याला रोजच्या कामाला लावू नये.

आता खरं सांगायचं ते. हिवाळ्यात या बॅटऱ्या जातात त्या थंडीने नाही जात, दोन कारणांनी जातात. एक म्हणजे शून्याखाली गार पडलेल्या बॅटरीत करंट ढकलला जातो, बहुतेक वेळा मालकाला पत्ताही नसताना. दुसरं म्हणजे गाडीतलं काहीतरी बारीकसारीक महिनोन्महिने तिला पीत राहतं. या दोन्हीचा बंदोबस्त केला की काढायची गरज नाही.

रानवाटा
वा, धन्यवाद, पहिल्यांदा कोणी कारणासकट सांगितलं. पण गार पडलेल्या बॅटरीत करंट म्हणजे? मी चार्ज करणारच नाहीये तर करंट येणार कुठून?

मिलिअँप
टपावरून. ऊन पडलं की एमपीपीटी आपोआप जागा होतो. रात्रभर उणे १० मध्ये पडलेली बॅटरी सकाळी दहाला बाहेर लख्ख ऊन असलं तरी आतून उणे ७-८ लाच असते, दहा-बारा किलोचा ठोकळा आहे तो, गरम व्हायला त्याला आख्खा दिवस लागतो. आणि पॅनल थंडीत जरा जास्तच व्होल्टेज देतात. म्हणजे बॅटरी सगळ्यात गार असते तेव्हाच चार्जिंग सुरू होतं.

शून्याखाली चार्ज केलं की होतं काय, तर लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरायला हवं ते वेळेत शिरत नाही, बाहेरच धातू होऊन थर बसतो. तो थर बसला की तेवढी कपॅसिटी कायमची गेली, आणि वाढत गेला तर आतल्या पडद्याला भोक पाडू शकतो. लगेच काही दिसत नाही हा सगळ्यात मोठा घोळ, बॅटरी चालू राहते, एक-दोन सीझननंतर माणूस म्हणतो कंपनीने फसवलं.

डिस्चार्जला मात्र उणे २० पर्यंत बहुतेक बॅटऱ्या चालतात, कपॅसिटी तात्पुरती कमी मिळते एवढंच.

चिमणी
आमच्या बॅटरीत लो टेम्परेचर कटऑफ आहे असं लेबलवर लिहिलंय. मग सोलर चालू ठेवलं तर चालेल ना?

नट_बोल्ट
लेबलवर काय, काहीही लिहितात.

मिलिअँप
नट_बोल्ट :) पण मुद्दा बरोबर आहे. लेबल नको, डेटाशीट बघा, त्यात चार्जिंग किती अंशाला बंद होतं आणि परत किती अंशाला सुरू होतं असे दोन आकडे दिलेले असतात. दोन्ही आकडे नसतील तर कटऑफ नाही असंच धरून चाला. स्वस्त बॅटऱ्यांमध्ये टेम्परेचर प्रोटेक्शन असं लिहिलेलं असतं आणि ते फक्त वरच्या बाजूचं असतं, गरम झाल्यावर बंद होणारं.

कटऑफ असला तरी मी एमपीपीटीलाच बॅटरीचं तापमान कळेल अशी सोय करतो, वायरलेस सेन्सर नाहीतर शंटची (बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणारा तुकडा) टेम्परेचर वायर, आणि ५ अंशांखाली चार्ज बंद असं सेटिंग. सेन्सर बॅटरीच्या अंगाला चिकटलेला हवा, खोक्यात लोंबकळत सोडलेला नको. हवा १२ अंश दाखवेल आणि बॅटरी उणे ३ ला असेल.

जुना_ड्रायव्हर
बरं, तुमचं ऐकून समजा आतल्या बॅटरीचा ट्रिकल काढला. पण स्टार्टरची लेड-अ‍ॅसिडच आहे, तिला लावूनच ठेवणार. त्यावर वाद नको.

मिलिअँप
अजिबात वाद नाही, तिला लावायलाच हवा. फक्त एक बघा, काही गाड्यांत आतल्या बॅटरीतून स्टार्टरला थोडं थोडं चार्ज देणारा एक छोटा डबा बसवलेला असतो. तो असेल तर हिवाळाभर लिथियम बिचारी स्टार्टरला पोसत बसते आणि दोन्ही एकदमच झोपतात. त्याचा फ्यूज काढा.

कुडकुड
मी बरेच दिवस धागा वाचतोय, आज बोलायची वेळ आली. गाडीकडे गेलो तर आतलं सगळं बंद, मल्टिमीटरवर बॅटरी ३.८ व्होल्ट दाखवतेय आणि मेन स्विच बंद होता हो! अ‍ॅपमध्ये मागच्या वेळी ७८ टक्के होतं. गेली का?

नट_बोल्ट
दुसऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून जम्पर लावा, जागी होते.

मिलिअँप
थांबा थांबा, जम्पर नको एवढ्यात.

कुडकुड, आधी घाबरू नका. ३.८ हा बहुतेक खरा आकडा नाहीच, बीएमएसने बाहेरची वाट बंद केली की टर्मिनलवर शून्य नाहीतर असंच दोन-चार व्होल्टचं भूत दिसतं. आतले सेल २.५ च्या आसपास आले की बीएमएस तोडतो, म्हणजे चार सेलचे मिळून १० व्होल्ट. तिथेच थांबलं असेल तर वाचली.

पहिलं काम म्हणजे सगळे लोड सोडवा आणि बॅटरी १०-१५ अंशांच्या जागी आणून ठेवा, आणि लगेच चार्जर लावू नका, गार वस्तू उबेत आणली की तिला दव सुटतं, टर्मिनल कोरडी होऊ द्या आणि आतपर्यंत ऊब जायला रात्रभर तरी द्या. फुगलीय का, वास येतोय का बघा, तसं काही असेल तर चार्जर लावूच नका, घराबाहेर मोकळ्या जागी ठेवा.

मग लिथियम मोडचा चार्जर लागेल, ज्यात झोपलेली बॅटरी उठवायची सोय आहे. साध्या स्मार्ट चार्जरला टर्मिनलवर व्होल्टेज दिसलं नाही तर तो म्हणतो बॅटरीच नाही आणि गप्प बसतो. उठली की ब्लूटूथ जुळेल, लगेच एकेका सेलचा आकडा बघा आणि इथे टाका. एखादा सेल २ व्होल्टच्या खाली असेल तर चार्जर काढा. सेल फार खाली गेला की आतलं तांबं विरघळू शकतं, आणि परत चार्ज करताना तेच तांबं नको तिथे जमतं, आतून शॉर्ट व्हायची भीती. सगळे २ च्या वर असतील तर २-३ अँपने सावकाश तीनपर्यंत आणायचे, समोर बसून.

जम्परला माझा विरोध का, तर रिकाम्या एलएफपीला भरलेली बॅटरी थेट जोडली की मध्ये वायरशिवाय अडवणारं काही नसतं, करंट किती जाईल ते तुमच्या हातात राहत नाही.

नट_बोल्ट
मान्य. क्षणभर टेकवून काढायचं असं म्हणायचं होतं मला, पण लिहिलं नाही तसं. चार्जर असेल तर चार्जरच बरा.

कुडकुड
ओके, आणतो घरी. पण ७८ टक्के होती आणि स्विच बंद होता मग गेलं कुठे सगळं?

मिलिअँप
याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही रानवाटांच्याही कामाची आहेत.

७८ हा आकडा मला संशयास्पद वाटतो. बरेचसे बीएमएस बारीक करंट मोजतच नाहीत, अर्ध्या-एक अँपच्या खालचा त्यांना दिसत नाही. म्हणजे गाडीत ५० मिलिअँप जात असतील तर अ‍ॅपच्या लेखी काहीच जात नाही, टक्के तिथेच गोठून बसतात. आणि एलएफपीचं व्होल्टेज इतकं सपाट असतं की त्यावरूनही ओळखता येत नाही, ९० टक्क्यांपासून ३० पर्यंत सगळं १३.३ ते १३.० च्या मध्येच खेळतं. १२.५ दिसेपर्यंत खेळ जवळपास संपलेला असतो. चांगला शंट असेल तरच खरा हिशोब.

दुसरं, मेन स्विच बंद म्हणजे सगळं बंद असं नाही. बहुतेक गाड्यांत गॅस अलार्म आणि सोलरची वायर मेन स्विचच्या अलीकडून थेट बॅटरीवर घेतलेली असते, अलार्म कोणी चुकून बंद करू नये म्हणून. गॅस अलार्मला आत सेन्सर तापवावा लागतो त्यामुळे तो ५० ते १०० मिलिअँप सहज खातो. ५० मिलिअँप म्हणजे दिवसाला १.२ एएच, ९० दिवसांत १०८ एएच. म्हणजे तुमची १०० ची बॅटरी फुल भरून ठेवली असती तरी संपलीच असती.

रानवाटा
बापरे. हे मोजायचं कसं? माझ्याकडे क्लॅम्प मीटर आहे.

मिलिअँप
क्लॅम्प मीटर इथे कामाचा नाही, मिलिअँपमध्ये त्याची सुई भरकटते. साधा मल्टिमीटर घ्या, लाल वायर १० अँपच्या भोकात, आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल व त्याची केबल यांच्या मध्ये सिरीजमध्ये जोडा. पण एक युक्ती, थेट तोडून जोडू नका, इन्व्हर्टरमधले कपॅसिटर भरताना क्षणभर प्रचंड करंट ओढतात आणि मीटरचा फ्यूज उडतो. आधी एका जाड वायरने टर्मिनल आणि केबल जोडलेली ठेवा, तिला समांतर मीटर लावा, मग ती वायर अलगद काढा. आता आकडा येईल. मग एकेक फ्यूज काढत जा आणि प्रत्येक वेळी आकडा किती पडला ते कागदावर लिहा. हे सगळं सोलर तोडून संध्याकाळी करा नाहीतर आकडा उलटाच दिसेल.

आणि हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. पाना दोन्ही टर्मिनलना टेकला तर ही बॅटरी शेकडो अँप देते, पाना लाल होईपर्यंत तिला काही वाटत नाही. पान्याला मुठीपर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळली तर उत्तम.

रानवाटा
करून आलो! मेन स्विच चालू असताना १९० मिलिअँप होता. म्युझिक सिस्टिमचा फ्यूज काढल्यावर २२ ने पडला. यूएसबी सॉकेट, ज्यावर तो निळा व्होल्टमीटर कायम चमकत असतो, तो १४. इन्व्हर्टर रिमोटने बंद होता तरी काहीतरी घेत होता, केबल काढल्यावर ३१ कमी. मेन स्विच बंद केल्यावर उरले ८३, त्यातला गॅस अलार्म ६८ आणि एमपीपीटी १५. म्हणजे स्विच बंद करून मी निर्धास्त राहिलो असतो आणि माझीही कुडकुड झाली असती.

चिमणी
"माझीही कुडकुड झाली असती" 😂

कुडकुड
हसा हसा.

मिलिअँप
छान काम केलंत. गाडीत कोणी झोपणार नसेल, गॅसची टाकी बंद करून बाहेर काढलेली असेल तर अलार्म तोडायला हरकत नाही, फक्त स्टिअरिंगवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा की अलार्म तोडलाय, परत जोडल्याशिवाय गाडीत मुक्काम नाही.

एमपीपीटी सोडवताना क्रम सांभाळा, आधी पॅनल, मग बॅटरी. जोडताना उलट, आधी बॅटरी मग पॅनल. पॅनल तसंच ठेवून बॅटरी काढली तर काही कंट्रोलर पुढच्या सर्किटला जास्त व्होल्टेज सोडतात. आणि पॅनलच्या वायरींचे ते एमसी४ कनेक्टर ऊन असताना ओढू नका, ठिणगी पडते, पॅनलवर जाड चादर टाका किंवा अंधार पडल्यावर काढा.

जुना_ड्रायव्हर
एवढं सगळं सोडवल्यावर मग त्या ५० टक्क्यांवरच ठेवायची ना?

मिलिअँप
इथेच माझं सगळ्यांशी थोडं वाजतं. ५० टक्के हा बॅटरीच्या तब्येतीसाठीचा आकडा आहे, त्यात गळतीचा हिशोब धरलेला नाही. सगळ्या केबल काढल्या तरी ब्लूटूथवाला बीएमएस स्वतः जागाच असतो, धरा १५ मिलिअँप. दिवसाला ०.३६ एएच, चार महिन्यांत ४३. वर सेल्फ डिस्चार्ज महिन्याला २ टक्के, ते ८ झाले. एकूण ५१. म्हणजे नियमाप्रमाणे बरोब्बर ५० वर ठेवलेली १०० ची बॅटरी चार महिन्यांनी रिकामी, कोणीही काहीही चालू ठेवलेलं नसताना! २०० एएच असेल तर प्रश्न नाही, छोट्या बॅटरीला छोटा बीएमएस मिळतो असं काही नसतं, तो तेवढंच खातो.

म्हणून छोट्या कॅम्परला मी ७०-८० सांगतो. थंडीत ८० वर पडून राहिल्याने जे काही आयुष्य कमी होईल ते एकदा तळाला जाण्याच्या मानाने काहीच नाही. कोणाच्या बीएमएसला शिपिंग मोड नाहीतर स्टोरेज मोड असेल, बटण दाबलं की पूर्ण झोपतो, त्यांनी ५० वर ठेवावी खुशाल.

नट_बोल्ट
हे बरोबर आहे. मी ५०-६० लिहिलं ते माझ्या बॅटरीला बटण आहे म्हणून.

चिमणी
आम्ही तर हिवाळ्यातही फिरतो, आम्हाला हे सोडवणं वगैरे शक्य नाही. बॅटरी बाहेरच्या लॉकरमध्ये आहे. भोवती थर्मोकोल लावलं तर?

मिलिअँप
थर्मोकोल ऊब तयार करत नाही, जाणारी ऊब उशिरा जाऊ देतं एवढंच. रात्रभर थंडीत उभी राहिली तर सकाळी तीच तऱ्हा, वर तो ठोकळा दुपारी गरमही होणार नाही. शक्य असेल तर बॅटरी आत, सीटखाली घ्या, माणसं राहतात तिथे बॅटरीही उबेत राहते. नाहीतर थर्मोस्टॅटवाली हीटिंग मॅट, सोबत थर्मोकोल. आतून हीटर असलेल्या बॅटऱ्याही मिळतात, त्यांत चार्जरचा करंट आधी हीटरला जातो आणि सेल ५ अंशांच्या आसपास आले की मग चार्जिंग सुरू होतं. मात्र सकाळच्या मरतुकड्या सोलरवर तो हीटर नीट चालेलच असं नाही.

सकाळी इंजिन चालू केलं की डीसी-डीसी चार्जर लगेच ३० अँप ढकलायला लागतो, तो सोलरपेक्षा वाईट. त्याच्या सिग्नल वायरवर एक स्विच बसवा, बॅटरी वर आली की चालू करा. ० ते १० अंशांतही दमानं घ्या, १०० एएच ला १०-२० अँप पुरे, नेमकं तुमच्या डेटाशीटमध्ये असतं.

रानवाटा
सगळं आवरलं. फ्रिज चालवून ७५ वर आणली, पॅनल काढलं, अलार्म तोडला, चिठ्ठी लावली, शेवटी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून टोकाला टेप गुंडाळली. थंडी गेल्यावर जोडताना काही विशेष?

मिलिअँप
आधी अ‍ॅपमध्ये तापमान बघा, १० च्या वर असेल तेव्हाच चार्जर. पहिलं चार्जिंग पूर्ण करा, १४.२-१४.४ ला दोन-तीन तास धरून ठेवा. सेलचं बॅलन्सिंग (सगळे सेल एका पातळीला आणणं) शेवटच्या टप्प्यातच होतं, सेल ३.४५ च्या वर गेल्यावर, आणि ते ५०-१०० मिलिअँपच्या गतीने होतं त्यामुळे घाई केली तर होतच नाही. शंट तिथेच १०० ला सिंक होईल.

कुडकुड
उठली! दोन दिवस घरात ठेवली, आज चार्जर लावला. सेल २.७१, २.७३, २.४४, २.७२. तिसरा मागे आहे. २ अँपवर चालू आहे, शेजारीच बसलोय.

मिलिअँप
सगळे २ च्या वर आहेत, चालू द्या. तळाशी एवढा फरक फार मोठा वाटतो पण तिथे व्होल्टेजचा वक्र उभा असतो, ३ च्या वर गेले की चारही जवळ येतील. तिसऱ्यावर नजर ठेवा, तो बाकीच्यांबरोबर चढला पाहिजे. चारही ३ च्या वर गेले की १० अँप करा. पूर्ण भरली की चार्जर काढा, काहीही न जोडता आठवडाभर तशीच ठेवा आणि मग परत चार आकडे टाका. सगळे ३.३३-३.३५ च्या आसपास राहिले आणि तिसरा एकटाच खाली सरकला नाही तर गाडीत बसवा, सरकला तर तो सेल आतून गळतोय, मग ही बॅटरी गाडीत परत नको.

कुडकुड
ठीक. आता २.९ ला आलेत तिघं, तिसरा २.८६.